चाळीस लाखांचा जामीन कुठून आणू? नादारीत रिसीव्हर झालेल्या वकिलाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकलं तर तुम्ही सांगालच. तुम्ही अंबाजोगाईचे, वकिली सुरू करून सहा वर्षं झालीत. लातूरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक आडत्या (शेतमालाचा दलाल) नादार, म्हणजे कर्ज फेडू न शकणारा, जाहीर झाला आणि न्यायालयाने त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळायला, विकायला आणि हिशेब द्यायला रिसीव्हर म्हणून तुम्हाला नेमलं. घेणेकऱ्यांपैकी एकाच्या वकिलांनी जोर लावला की मालमत्ता मोठी आहे, तर जामीनही तेवढाच तगडा हवा. न्यायालयाने ४० लाखांचा बाँड (हमीपत्र), दोन ऐपतदार जामीनदार आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. आता तुम्ही विचारताय: स्वतःचं राहतं घर गहाण टाकू का? मेहुणा जामीन राहायला तयार आहे, त्याला राहू देऊ का? परदेशी संकेतस्थळांवर वाचलं तसा विमा कंपनीकडून बाँड मिळेल का? आणि बाररूममध्ये कुणीतरी म्हणालं की २०१६ चा कायदा आल्यावर हे जुनं नादारीचं प्रकरण संपलंच, ते खरं का?

चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा पाचवा तुम्ही विचारलाच नाही. ४० लाख हा आकडा आला कुठून? माझं म्हणणं एवढंच आहे की जामीन शोधत फिरण्याआधी हा आकडा खाली आणा. तो खाली येतो. मी स्वतः तीनदा आणलाय आणि एकदा आणला नाही म्हणून पस्तावलोय. ती गोष्ट पुढे येईल.

आधी बाररूमची शंका मिटवू. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, हे खरं. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तो लागू करणारी सरकारी अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली, त्यामुळे ही मर्यादित अंमलबजावणी कायदेशीर ठरली. बाकीच्यांसाठी, म्हणजे तुमच्या आडत्यासाठी, १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालू आहे. मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांना १९०९ चा वेगळा कायदा आहे. त्याचा मराठवाड्याशी संबंध नाही. कायदा किती जुना आहे ते यातल्या रकमांवरून कळतं. कर्ज ५०० रुपयांचं असलं तरी नादारीचा अर्ज चालतो. आज ५०० रुपयांत मोंढ्यात चार जणांचा नाश्ता होतो. पण रकमा जुन्या म्हणून कलमं मेली असं होत नाही, आणि रिसीव्हरच्या जामिनाचं कलम तर चांगलंच जिवंत आहे.

ते कलम ५६. त्यात लिहिलंय की न्यायालय रिसीव्हरकडून त्याला 'योग्य वाटेल असा' जामीन मागू शकतं, आणि तोही कशासाठी, तर मालमत्तेबाबत तो जे काही *स्वीकारेल* त्याचा नीट हिशेब द्यावा म्हणून. हे वाक्य दोनदा वाचा. 'मागू शकतं' म्हणजे मागितलंच पाहिजे असं नाही. आणि जामीन मालमत्तेच्या किमतीचा नाही, रिसीव्हरच्या हातात येणाऱ्या गोष्टींचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४० नियम ३ मध्येही रिसीव्हरसाठी जवळजवळ हेच शब्द आहेत. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी मालमत्तेच्या किमतीवर बोट ठेवलं आणि तुम्ही गप्प बसलात, म्हणून आकडा फुगला. यात न्यायाधीशांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर दुसरं गणित कुणी ठेवलंच नव्हतं.

ते गणित आपण करून बघू. तुम्ही दिलेल्या यादीतले आकडे घेतो. भाव मी अंदाजाने धरतोय, तुम्ही त्या दिवशीचे घाला. शहरातलं घर २४ लाख. गावाकडची सहा एकर १८ लाख. मोंढ्यातल्या गाळ्याचा हक्क ५ लाख. गोदामात सोयाबीन १८० क्विंटल, ४,५०० भावाने ८ लाख १० हजार. तूर ४० क्विंटल, ७,००० भावाने २ लाख ८० हजार. पिकअप गाडी ३ लाख. खतावणीत दिसणारी उधारी १४ लाख. बेरीज पंच्याहत्तर लाखांच्या आसपास जाते. त्यातून कुणीतरी घसघशीत ४० काढले.

आता यातलं तुमच्या हातात काय येणार ते बघा. घर कुणी उचलून नेत नाही. ते विकायचं तर न्यायालयाच्या परवानगीने, लिलावाने. आणि घेणाऱ्याने रक्कम थेट न्यायालयात भरावी असा आदेश आधीच मागून घेतला तर त्यातला एक रुपया तुमच्या खात्यातून जात नाही. शेताचं तेच, गाळ्याचं तेच. म्हणजे ४७ लाखांचं स्थावर जामिनाच्या हिशेबातून जवळजवळ बाहेर पडलं. उरला माल, १० लाख ९० हजारांचा. तो तुमच्या ताब्यात राहणार, चोरीला जाऊ शकतो, त्याला भुंगा लागू शकतो, आणि विकल्यावर त्याचे पैसे होणार. माल आणि मालाचे पैसे दोनदा धरू नका; एक गेला की दुसरा येतो. गाडी ३ लाख, तीही ताब्यात. उधारीचे १४ लाख कागदावर आहेत. मोंढ्यातली उधारी एकदम येत नाही हे तुम्ही माझ्याइतकंच जाणता. महिन्याला लाखभर वसूल झाले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला न्यायालयात भरायचे असं ठरलं, तर कुठल्याही दिवशी तुमच्याकडे लाखापेक्षा जास्त असणार नाही. घराच्या वरच्या मजल्याचं भाडं ६ हजार. सगळं मिळून १४ लाख ९६ हजार. म्हणजे १५ लाखांचा बाँड न्यायालयाला पुरेसा वाटायला हरकत नाही. आणि माल व गाडी विकून पैसे भरले की उरते महिन्याची वसुली आणि भाडं. त्या टप्प्यावर बाँड २ लाखांवर आणावा असा दुसरा अर्ज तयार ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या लपवत नाही. शेतात पीक उभं असेल तर ते तुमच्या ताब्यातलं जंगम व्हायला वेळ लागत नाही. त्याचा आकडा वर चढवा. माल बँकेकडे तारण असेल, म्हणजे वखारीत ठेवून पावतीवर कर्ज उचललेलं असेल, तर ताबा बँकेचा. तारणदार घेणेकरी नादारीच्या बाहेर राहून आपला हक्क बजावू शकतो, मग तो माल तुमच्या गणितातून काढा. नादाराच्या घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांसारखी जप्तीतून सूट असलेली मालमत्ता तुमच्याकडे येतच नाही. मात्र हिशेबाच्या वह्या येतात, त्यांना सूट नाही. आणि न्यायाधीश साशंक असतील, किंवा नादाराचे नातेवाईक धाकदपटशा करणारे असतील, तर आकडा थोडा वर ठेवायला तुम्हीच तयार राहा. सरकारने त्या भागासाठी नेमलेला अधिकृत रिसीव्हर असेल तर त्याच्या जामिनाचा विषय वेगळा चालतो. तुम्ही खासगी वकील म्हणून नेमले गेलात, त्यामुळे न्यायालय जरा जास्त सावध असणार हे गृहीत धरा.

आडत दुकानाची एक खास भानगड आहे, ती इथेच सांगतो, कारण याच गोदामात ती तुम्हाला भेटणार. गोदामातले सगळे कट्टे, म्हणजे धान्याची पोती, आडत्याचे नसतात. भाव वाढेल म्हणून शेतकरी माल तिथेच ठेवून जातात. हातात असते ती एक काटा पावती, कधी तीही नाही. नादारी जाहीर झाल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी शटरसमोर वीस माणसं उभी असतात आणि प्रत्येकजण म्हणतो, तो कोपऱ्यातला माल माझा. कायद्यात अशी तरतूद आहे की खऱ्या मालकाच्या संमतीने माल नादाराच्या धंद्यात अशा रीतीने पडून असेल की जगाला तोच मालक वाटावा, तर तो नादाराचा धरला जातो. पण आडत्याकडे दुसऱ्याचा माल असतो हे तर मोंढ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग 'मालक वाटावा' कसा? हा वाद न्यायालयाचा आहे, तुमचा नाही. तुम्ही एकच करा: दावा सांगितलेल्या कट्ट्यांची वेगळी यादी, वेगळी थप्पी, पावतीची प्रत जोडून. कुणाच्या रडण्याला भुलून कट्टा सोडू नका आणि कुणाला हाकलूनही देऊ नका. सोडलेला प्रत्येक कट्टा उद्या तुमच्या हिशेबातली तूट म्हणून उभा राहतो, आणि तूट निघाली की वसुली जामिनावर येते.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा रिसीव्हर झालो तेव्हा वकिलीला पाच वर्षंही झाली नव्हती. एका भुसार व्यापाऱ्याची नादारी होती. बाँड होता ६ लाखांचा आणि जामीनदार माझे मामा, परभणी जिल्ह्यातले साधे कोरडवाहू शेतकरी. ताबा घेताना मी कट्टे मोजले. पंचनाम्यात लिहिलं: सोयाबीन, कट्टे इतके, प्रत्येकी अंदाजे अमुक किलो. तोलले नाहीत. पावसाळा नुकताच सरला होता, माल ओला होता, हमालांची मजुरी वाचली म्हणून मला बरंही वाटलं होतं. विक्रीला परवानगी मिळेपर्यंत उन्हाळा उजाडला. काट्यावर वजन भरलं तेव्हा शंभरामागे साडेचार-पाच क्विंटल कमी.

यात चोरी काहीच नव्हती. १४ टक्के ओलीचं सोयाबीन १० टक्क्यांवर आलं की शंभर क्विंटलचं साडेपंच्याण्णवच्या आसपास राहतं. पाण्याचं वजन हवेत जातं, दाणा तेवढाच राहतो. मोंढ्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण माझ्या पंचनाम्यात ओल नव्हती, वजनही नव्हतं, फक्त 'अंदाजे' होतं. घेणेकऱ्याच्या वकिलांनी तुटीची किंमत काढून अर्ज टाकला, आणि न्यायालयाने मला व जामीनदाराला, दोघांनाही नोटीस काढली.

मामा तारखेला आले. पांढरं धोतर, प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा आणि नोटीस घडी करून. कोर्टाच्या बाहेर बाकावर बसले आणि मला म्हणाले, "भाच्या, जमीन जाती का रं?" मी नाही म्हणालो, पण तेव्हा मला स्वतःलाच खात्री नव्हती. ओलीचं प्रमाण सिद्ध करायला दोन व्यापाऱ्यांच्या साक्षी द्याव्या लागल्या, आठ महिने गेले, आणि शेवटी न्यायालयाने तूट नैसर्गिक मानली. मामांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण त्या आठ महिन्यांत त्यांना सोसायटीचं पीककर्ज वाढवून मिळालं नाही, कारण कुणीतरी गावात सांगितलं होतं की त्यांच्या जमिनीवर कोर्टाचा जामीन आहे. आणि मोजून बघितलं तर त्या नादारीत माझ्या हातात कधीही तीन लाखांपेक्षा जास्त आलंच नव्हतं. सहा लाखांचा बाँड मी नुसताच मान हलवून दिला होता.

म्हणून मेहुण्याबद्दल आता स्पष्ट बोलतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात रिसीव्हरच्या बाँडचा नमुना दिलेला आहे, तो एकदा शब्दन् शब्द वाचा. त्यात रिसीव्हर आणि जामीनदार 'एकत्र आणि स्वतंत्रपणे' बांधले जातात, वारसांसकट. याचा व्यवहारी अर्थ असा की न्यायालयाला आधी तुमच्या मागे लागून, तुमच्याकडून काही मिळालं नाही म्हणून मग मेहुण्याकडे वळायची गरज नाही. आणि त्याच्यावर वेगळा दावाही लावावा लागत नाही. त्याच संहितेच्या कलम १४५ खाली नोटीस देऊन, हुकूमनामा बजावावा तसा तो थेट वसूल करता येतो. मर्यादा एवढीच की बाँडवर लिहिलेल्या रकमेपलीकडे त्याला जावं लागत नाही. त्याने भरलं तर तो तुमच्याकडून मागू शकतो, पण ते घरातलं मागणं असणार आणि बहीण मधे असणार. हे सगळं त्याला सांगून, समजून तो तयार असेल तर खुशाल घ्या. 'नुसती सही आहे रे' असं सांगून घेऊ नका.

जामीनदार मधेच माघार घेऊ शकतो का, हेही लोक विचारतात. साध्या सततच्या हमीत पुढच्या व्यवहारांपुरती हमी नोटीस देऊन मागे घेता येते. इथे हमी न्यायालयाला दिलेली असते. नुसत्या पत्राने सुटका होत नाही. न्यायालयात अर्ज करायचा, तोवरचा हिशेब तपासला जातो, रिसीव्हर बदली जामीनदार देतो आणि मगच जुना सुटतो.

जामीन कसला द्यायचा? माझ्या पसंतीचा क्रम सांगतो. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे मुदत ठेव. राष्ट्रीयीकृत बँकेतली पावती न्यायालयात जमा करायची, बँकेकडून त्यावर न्यायालयाच्या नावे बोजा नोंदवून घ्यायचा, आणि आपोआप नूतनीकरणाची सूचना लेखी द्यायची, नाहीतर पाच वर्षांनी कुणाच्या लक्षात येत नाही की पावती संपली. व्याज तुमचंच राहतं. १५ लाखांची पूर्ण ठेव नसेल तर ५ लाखांची ठेव आणि १० लाखांचा एक जामीनदार अशी विभागणी मागा; न्यायालयं ती मान्य करतात, निदान मी मागितली तेव्हा केली. बँक गॅरंटीही चालते, पण तिचं कमिशन दरवर्षी जातं. ते कमिशन आणि बाकी व्यवस्थापनाचा खर्च मालमत्तेतून घ्यायची परवानगी आधीच मागून ठेवा. घेणेकऱ्यांना वाटप करण्याआधी व्यवस्थापनाचा खर्च बाजूला काढता येतो, पण परवानगी नसताना केलेला खर्च नंतर हिशेबात अडकतो.

विमा कंपनीच्या बाँडचं तुम्ही वाचलं ते अमेरिकेचं असणार. तिथे दिवाळखोरी प्रकरणातल्या विश्वस्ताने काम सुरू करायच्या आधी बाँड देणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि तो हमी कंपनीकडून विकत घ्यायची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे विमा नियामकाने १ एप्रिल २०२२ पासून हमी विम्याला परवानगी दिली आणि त्याच्या प्रकारांत न्यायालयीन बाँडही धरलेला आहे. पण माझ्या सत्तावीस वर्षांत जिल्हा न्यायालयात नाझराच्या, म्हणजे न्यायालयातली रक्कम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर असा बाँड आलेला मी पाहिला नाही. पाहिजे तर चौकशी करा, फक्त तीन आठवड्यांच्या मुदतीत त्याच्यावर विसंबू नका.

स्थावर मालमत्तेचा जामीन मी शेवटी ठेवतो, आणि राहत्या घराचा तर नकोच. घर रीतसर गहाण टाकून जामीन दिला की दस्ताची नोंदणी आली, मुद्रांक आला, आणि नंतर तो बोजा उतरवायला आणखी एक अर्ज आला. त्यापेक्षा जामीनदाराच्या वैयक्तिक बाँडवर आणि तहसीलदारांच्या ऐपतीच्या दाखल्यावर भागत असेल तर भागवा. फक्त आपल्याकडच्या सात-बाऱ्यात तीन गोष्टी आधी बघा. एक, भोगवटादार वर्ग दोन आहे का. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामांची, देवस्थानाची, कुळकायद्याने मिळालेली जमीन भरपूर आहे, आणि परवानगीशिवाय जी विकता येत नाही ती जमीन जामीन म्हणून कागदावरच राहते. चाणाक्ष विरोधी वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो. दुसरं, इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती आहे. तिसरं, खातं सामाईक आहे का. चार भावांच्या बारा एकरांवर एका भावाची ऐपत तीन एकरांची असते, बारांची नाही. ऐपतीचा दाखला कधी कधी बारांचा मिळतो, ती गोष्ट वेगळी.

आता मुदतीचा प्रश्न, कारण तीन आठवड्यांतला एक गेलाय. नेमणुकीच्या आदेशाचे शब्द तपासा. 'जामीन दिल्यावर रिसीव्हर म्हणून नेमण्यात येत आहे' असं असेल तर जामीन दिल्याशिवाय तुम्ही रिसीव्हर झालातच नाही. गोदामाला हात लावू नका. 'नेमण्यात येत आहे, त्याने अमुक तारखेपर्यंत जामीन द्यावा' असं असेल तर नेमणूक झालेली आहे. मधल्या काळात मालमत्ता वाऱ्यावर नसते; नादार जाहीर होताच ती न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि रिसीव्हर नसला तर त्याचे अधिकार न्यायालयच वापरू शकतं. पण न्यायालय कुलूप लावू शकतं, भुंगा थांबवू शकत नाही. म्हणून आकडा कमी करायच्या अर्जातच दुसरी विनंती घाला: जामीन मंजूर होईपर्यंत नाझर किंवा बेलीफमार्फत गोदाम सील करावं आणि पंचनामा करावा. तुमच्या आधी अंतरिम रिसीव्हर होता असं तुम्ही लिहिलंय. त्यालाही कलम ५६ च लागू होतं, त्यामुळे त्याचा हिशेब आणि त्याचा बाँड स्वतंत्र आहे. त्याने ताबा देताना लेखी यादीवर दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर त्याच्या काळातली तूट तुमच्या अंगावर येईल.

अर्जात नेमकं काय मागायचं ते एकदा सलग सांगतो. स्थावराच्या विक्रीची रक्कम खरेदीदाराने थेट न्यायालयात भरावी. मालाची विक्री मोंढ्यातल्या जाहीर लिलावात व्हावी, पैसे रिसीव्हरच्या नावाने उघडलेल्या स्वतंत्र खात्यात यावेत आणि सात दिवसांत न्यायालयात भरले जावेत. वसुली दरमहा भरावी, हिशेब दर तीन महिन्यांनी सादर व्हावा. या अटी मान्य असतील तर जामीन १५ लाखांचा असावा आणि माल व गाडीची रक्कम जमा झाल्यावर तो पुन्हा ठरवावा. या अटी तुम्ही स्वतःवरच घालून घेताय हे न्यायाधीशांच्या लक्षात येतं, आणि आकडा खाली येतो तो त्यामुळे. घेणेकऱ्याचे वकील विरोध करतील. त्यांना विचारा: ४० लाखांचा बाँड असूनही पैसे वर्षभर रिसीव्हरच्या खात्यात पडून राहणं बरं, की १५ लाखांच्या बाँडवर सात दिवसांत न्यायालयात येणं बरं? बाँड वसूल करायला वर्षं लागतात. भरलेली रक्कम नाझराकडे असते.

बाँड म्हणजे तुमच्या चुकांचा विमा नाही, हेही डोक्यात ठेवा. हिशेब वेळेवर दिला नाही, बाकी भरली नाही, किंवा जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने नुकसान केलं, तर कलम ५६ खाली न्यायालय तुमचीच मालमत्ता जप्त करून विकू शकतं. परवानगी घेऊन विकलेल्या तुरीचा भाव पुढच्या आठवड्यात वाढला, तर ती तुमची चूक नाही. परवानगी असून चार महिने विकलीच नाही आणि तिला कीड लागली, तर उत्तर द्यावं लागेल. रिसीव्हरच्या एखाद्या कृतीवर नादाराची किंवा घेणेकऱ्याची तक्रार असेल तर त्यांना २१ दिवसांत न्यायालयात यावं लागतं. त्यामुळे प्रत्येक मोठी कृती तारीख टाकून, लेखी कळवून करा, म्हणजे ते २१ दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद राहत नाही.

काम संपल्यावर बाँड आपोआप संपत नाही. शेवटचा हिशेब मंजूर करून घ्या, रिसीव्हरला मुक्त करण्याचा आणि जामीनदाराचा बाँड रद्द करण्याचा आदेश मागा, ठेवीची पावती परत घ्या, तहसीलमध्ये बोजा चढला असेल तर उतरवून त्याचा फेरफार डोळ्यांनी बघा. माझ्या मामांचा बाँड मी हिशेब मंजूर झाल्यावर तीन वर्षांनी रद्द करून घेतला, तेही त्यांनी विचारल्यावर.

सोमवारी अर्ज टाका. ताबा मिळेल त्या दिवशी मात्र मोजणीऐवजी तोलाई करा. हमाल-मापाड्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, सकाळच्या लिलावात एकदा गुंतले की दुपारपर्यंत मोकळे होत नाहीत. ओल मोजायचं यंत्र मोंढ्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या खरेदीदाराकडे असतं; दहा कट्ट्यांतून परखीने (कट्ट्यात खुपसायच्या नळीने) दाणे काढून ओल बघा आणि पंचनाम्यात 'अंदाजे' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.